चढावरचा खळखळाट

गाडीखाली शिरून दुखणं शोधणारा मिस्त्री म्हणजे नाडी न बघता पोट फाडणारा डॉक्टर! हे माझं मत आहे. म्हणजे होतं. आमच्या दूध संस्थेची जीप मी अकरा वर्षं चालवतोय, पण तिच्याखाली एकदाही शिरलो नव्हतो. सीटवर बसायचं, डोळे मिटायचे (गाडी उभी असताना, घाबरू नका!) आणि कान लावायचा. बेअरिंग बोललं की बेअरिंग, क्रॉस बोलला की क्रॉस!

गेल्या दुष्काळात पोळा झाला आणि जीप अशी काही बोलायला लागली की मला तिची भाषाच कळेना. सपाट रस्त्यावर गप्प. चढावर चारही चाकांना जोर द्यायला फोर बाय फोरचा दांडा ओढला की खालून खळ्ळ-खट्, खळ्ळ-खट्!

चेअरमन सुंदरराव म्हणाले, "आसाराम, परवा तहसीलचे साहेब येनार हायेत, डोंगरावरची चारा छावणी बघायला. चढाला गाडी अशी बोंबलली तर काय इज्जत ऱ्हाईल? जमत नसंल तर सांग, बंकट हायच."

बंकट म्हणजे त्यांचा भाचा. लायसन आल्यापासून माझ्या सीटकडे घारीसारखा बघत होता. शेत करपलेलं, आमचा बैल हरण्या चाऱ्यासाठी छावणीत, घर चालत होतं ते या एका सीटवर. तोंडानं मात्र म्हणालो, "संध्याकाळपर्यंत काढतो की!"

घरात मन मोकळं करावं, तर बायको अंजना फुगलेली. पोळ्याला गोठा रिकामा, म्हणून तिनं दारातल्या जीपलाच ओवाळलं होतं. बॉनेटला हळद फासली, पुढ्यात पुरणपोळी ठेवली. मी आलो आणि ओरडलो, "अगं, यंत्र हाय ते! बैल न्हाई!" तेव्हापासून अबोला. भाकरीसुद्धा ताटात आपटून पडायची.

सिरसाळ्याहून म्हाळू मिस्त्रीला बोलावलं.

"खाली शिरून बघू का?" तो म्हणाला.

"कावून? मी सांगतो ना, पुढच्या चाकाचं बेअरिंग!"

बेअरिंग बदललं. खळ्ळ-खट्!

"मग गिअरबॉक्स!"

सीटजवळचा पत्रा काढून तो वरूनच खोलला. दात शाबूत. ताजं तेल ओतलं. खळ्ळ-खट्!

"आसारामभौ, येकडाव खाली..."

"म्हाळू, मिस्त्री कोन हाय बे?"

"मी!"

"मग गप बस!"

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. शेजारच्या छबुबाईची बादली वाजली तरी मी "डिफरन्शियल!" म्हणून दचकायचो. अंजना दोनदा दारात आली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी हात वर केला, "मशिनीचं चाललंय!" ती पदर खोचून आत गेली.

साहेब आले. ते माझ्या शेजारी, मागे चेअरमन आणि 'सहज' आलेला बंकट. चढ लागला. मी फोर बाय फोर न टाकता रेटायला बघितलं, तर मुरमावरून गाडी मागे घसरायला लागली!

"मामा, ह्यांना दांडा घावत न्हाई वाटतं," बंकट म्हणाला.

दात-ओठ खाऊन टाकला दांडा. उभा चढ, गाडी बैलाच्या चालीनं, म्हणून आवाजही संथ. खुळुक... खुळुक... आवाज ओळखीचा वाटला, पण कुठला पार्ट ते आठवेना.

"हे काय वाजतंय?" साहेबांनी विचारलं.

"डिफरन्शियल, साहेब. जरासंच."

छावणीच्या तोंडाशी पोचतोय तोच आत गलका उठला. एका बैलानं दावं तोडलं होतं आणि चाऱ्याचे भारे उडवत तो थेट जीपवर येत होता! "मारका हाय!" बंकट ओरडला आणि बाकाखाली शिरला. मी करकचून ब्रेक दाबला. बैल जीपपुढं थांबला, मान वाकवली, बंपरखाली नाक घातलं आणि हंबरला.

हरण्या! माझा हरण्या!

मी उतरलो आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा जीपखाली शिरलो. पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्याला, शाफ्टला, हरण्याच्या गळ्यातली घागरमाळ बांधलेली! पक्क्या गाठी, पत्र्यावर आपटून अर्ध्या घागऱ्या चपट्या. तो शाफ्ट फोर बाय फोर टाकल्यावरच फिरतो. दुसरं काय वाजणार होतं! हरण्याच्या गळ्यात पडलो आणि सगळ्यांदेखत रडलो.

घरी गेल्या गेल्या विचारलं, "तू बांधलीस?"

"बांधली. हरण्याविना पोळा गेला, जीव ऱ्हाईना. गाडीला गळा दिसंना, खाली दांडा घावला."

"मग सांगायचं न्हाई?"

"आवो, साऱ्या मशिनीला इचारलं तुमी, मला इचारलं का?"

नोकरी राहिली. बाकाखालून निघालेल्या भाच्याला सीट द्यायची चेअरमनांनाच लाज वाटली. पण आता जीप जरा कुरकुरली तरी ते मला विचारत नाहीत. म्हणतात, "आसाराम, तू नगं सांगू. गाडी डोंगरावर ने, हरण्याला ऐकव."

आणि खरं सांगतो, मी नेतो.