एक लाख तीन पानांची पंगत

एका जंगलात, बाळांनो (नकाशात शोधू नका, सापडायचं नाही), एक सिंह होता. त्याच्या आयाळीला पंचवीस वर्षं झाली. मग रौप्यमहोत्सव नको का? जेवणावळ ठरली. जिलबी, मठ्ठा, वाघासाठी वांग्याचं भरीत.

जंगलाची एक रीत होती. सगळ्या पंगतींत सारखी पानं भरल्याशिवाय वाढायचं नाही.

कोल्हा प्रधान होता. त्याने शिरगणती केली. महाराजांपासून मुंगसापर्यंत भरले एक लाख तीन.

दोन पंगती मांडल्या. एक उरला. तीन मांडल्या. एक उरला. सहा मांडल्या, सात मांडल्या. पुन्हा एक उरलाच.

उरणारा कोण? काटेराव साळिंदर. काटे टोचतात म्हणून जो तो त्याला म्हणायचा, "तुम्ही जरा पलीकडे बसा." असं पलीकडे-पलीकडे करत तो कायम शेवटच्या पानावर.

पाच पंगती केल्या तेव्हा तर तिघे उरले. तरी दोष काटेरावाचाच!

जिलब्या गार पडल्या. हत्तीच्या पोटात कावळ्यांचं संमेलन भरलं. शेवटी घुबड गुरुजींना उठवलं. त्यांनी तीनशे सोळापर्यंत प्रत्येक आकड्याने भागून पाहिलं (त्यापुढे पाहायची गरज नसते) आणि जांभई दिली.

"ही मूळ संख्या आहे. एकाने भाग जाईल, नाहीतर तिला तिनेच. मधलं काही चालायचं नाही. यात कुणाचा दोष नाही."

"मग सोपंय की," काटेराव म्हणाला. "एकच पंगत करा. सगळे एका ओळीत."

गाढवाने आशेने सिंहाकडे पाहिलं.

"महाराज आणि गाढव एका पंगतीला?" कोल्हा किंचाळला. "गणित मोठं की रीत?"

"रीत!" लाखभर तोंडं ओरडली. त्यात गाढवाचंही होतं.

"आजपासून नियम," कोल्हा म्हणाला. "जो शेवटी उरेल, त्याने जंगल सोडायचं."

"अहो प्रधानजी, माझं बीळ इथं आहे!"

"बीळ राहू दे. तू जा."

काटेराव आपलं पान उचलून ओढ्यापलीकडे गेला.

सात पंगती चोख बसल्या. प्रत्येकीत चौदा हजार दोनशे शहाऐंशी. शेवटच्या पानावर कोण? धावपळ करून दमलेला कोल्हा.

पहिली जिलबी पानात पडणार, तोच हरिणीला कळा आल्या. पाडस झालं. आईशेजारी त्याचं पान मांडलं. सगळे एकेक पान सरकले, आणि कोल्हा पंगतीबाहेर पडला.

पुन्हा एक लाख तीन!

"महाराज, मी प्रधान! नियम मीच केलाय!"

"मग तुला तो पाठच असेल," सिंह म्हणाला.

ओढ्यापलीकडे काटेराव एक कंद सोलत बसला होता.

"सरक जरा," कोल्हा म्हणाला.

"टोचेल हो."

"टोचू दे."

काटेरावाने अर्धा कंद त्याच्या पुढ्यात ठेवला. दोघांची एकच पंगत. उरलं काहीच नाही, कंदसुद्धा.

तात्पर्य : मूळ संख्या ओळखता आली नाही तरी कुणाचं अडत नाही. पंगतीत शेवटी मात्र बसू नये. बसलातच, तर ओळीत कुणी गरोदर नाही ना, एवढं आधी विचारून घ्यावं.