दिगूच्या गाडीचं तोंड

दिगंबर शेलारची गाडी समोरून पाहणारा माणूस थबकून उभा राहायचा आणि मागून पाहणारा बाजूला सरकायचा, कारण मागचा कुठला भाग कधी गळून पडेल याचा नेम नव्हता. पुढचं अर्धं अंग लालचुटुक, बॉनेटवर दोन काळे पट्टे, बंपरखाली जमिनीला टेकेल अशी फायबरची पट्टी, म्हणजे स्पॉयलर. मागचं अर्धं अंग गंजलेलं, डिकी सुतळीने बांधलेली. नवरदेवाने फेटा बांधावा आणि खाली फाटका लेंगा घालावा, तसला प्रकार.

"दिगूभाऊ, मागचं पण जरा रंगवा की," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"तोंड जमलं पाहिजे. मागची गाडी येतेच मागून."

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. बदलापुरात, मांजर्लीला, आमच्या इमारतीत तळमजल्यावर समोरासमोर आमची दारं. गाडी मात्र खरीखुरी स्पोर्ट्स कार होती, दोन दारांची, टप उघडणारी. दिगू अंबरनाथला ज्या कारखान्यात फिटर होता, त्याच्या मालकाच्या मुलाने ती हौसेने घेतली आणि कंटाळून शेडमध्ये टाकली. शेडमधल्या कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या तेव्हा दिगूने ती भंगारात उचलली. पुढे कारखानाही बंद पडला आणि दिगू पूर्ण मोकळा झाला. म्हणजे आमच्या डोक्याला ताप झाला.

या माणसाला बसताच यायचं नाही. चहा उभ्याने. लग्नाच्या पंगतीत पहिला भात होईतो हा उठून वाढप्यांना सूचना देत फिरायचा. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी मिशी उरवून उठून आला, कारण स्पॉयलरचा एक नवा कोन सुचला होता. तो कोन त्याने माझ्या दाराच्या चौकटीवर खडूने काढून दाखवला. तो पुसायला मला ओलं फडकं घ्यावं लागलं.

एक दिवसाआड तो उल्हासनगरला जायचा, लच्छूसेठच्या कारखान्यात. लच्छूसेठ फायबरची वॉशबेसिनं, कपड्यांच्या दुकानातल्या बाहुल्या आणि देवळांचे कळस बनवायचा. दिगूचा पहिला स्पॉयलर वॉशबेसिनच्याच साच्यातून निघाला होता आणि त्याला मधोमध पाणी जायचं भोकही होतं. मी एकदा सोबत गेलो होतो. लच्छूसेठ हात जोडून म्हणत होता, "साईं, और कितना नीचे? ये गाडी है की झाडू?"

"थोडा और, सेठ. तोंड जमत नाही."

"तेरा तोंड जमने तक मैं बुड्ढा हो जाएगा!"

बरं, स्पॉयलर टिकावा तर तेही नाही. मांजर्लीत प्रत्येक गल्लीने आपापला स्पीड ब्रेकर आपल्या हाताने बांधलेला. दिगू त्यांच्यावरून गाडी तिरकी करून, गोगलगाईसारखी न्यायचा, तरी शेवटी कडकन आवाज यायचाच. तुटके तुकडे रिक्षावाले घरपोच आणून द्यायचे. हळूहळू सगळ्या वस्तीला त्यांचा उपयोग सापडला. पानवाल्याने एक पन्हाळीसारखा लावला. गवळ्याच्या म्हशी दुसऱ्यात पेंड खायच्या. वांगणीकडून येणारी भाजीवाली तिसऱ्यात टोमॅटो रचायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "शेलारभाऊंच्या गारीचा हाय, हात नको लावूस."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण दिगूच्या घरात शालनवहिनी होत्या. पाठीच्या दुखण्यात त्यांचं कमरेखालचं अंग गेलं होतं. पावसाळ्यात नदी आमच्या घरात शिरते, म्हणून त्यांची खाट विटांवर चढवून खिडकीला लावलेली. दिवसा त्यांची बहीण सोबतीला असायची. सकाळ-संध्याकाळचं सगळं दिगू करायचा, पण ते आत. बाहेर दिसायची ती फक्त गाडी. इमारतीतल्या बायका पाठीमागे बोलत: बायको खाटेवर आणि ह्याला गाडीचं तोंड सुचतंय! मलाही तेच वाटायचं. खरं सांगायचं तर त्याचा रागच यायचा.

अशात आमच्याच इमारतीतल्या पाटलांची नडगी त्या स्पॉयलरवर आपटून सुजली आणि सोसायटीने ठराव केला. गाडीचं नाक वाटेत येतं, तेव्हा रविवारपर्यंत ती पंपाच्या खोलीमागे न्यायची, नाहीतर हमाल लावून रस्त्यावर ढकलायची. सेक्रेटरी मी. सांगायला गेलो.

"सेक्रेटरी," दिगू म्हणाला, "जिना झाडायला सांगा, झाडतो. टाकी धुवायला सांगा, धुतो. गाडी तिथनं हलणार नाय."

"कारण काय पण?"

"कारण-बिरण काय नाय." आणि तो चक्क पायरीवर बसला. मी त्याला प्रथमच बसलेलं पाहिलं आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

बायकोकडून वळेल म्हणून दुसऱ्या दिवशी, तो बाहेर गेलेला असताना, मी शालनवहिनींकडे गेलो. खाटेजवळच्या स्टुलावर बसून घसा खाकरतोय, तेवढ्यात बाहेर गाडी येऊन थांबली. मी खिडकीतून पाहिलं. उजवीकडचं सगळं पंपाच्या खोलीने झाकलेलं. दिसत होतं ते फक्त गाडीचं तोंड. लाल बॉनेट, दोन पट्टे आणि कोराकरकरीत नवा स्पॉयलर.

दिगू उतरला, स्पॉयलरवरून रुमाल फिरवला आणि परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहावा तसा खिडकीकडे बघत उभा राहिला.

वहिनींनी डोळे बारीक केले. "डावीकडनं जरा वर झालंय का हो?" त्या ओरडल्या.

"मला वाटलंच!" दिगूचा चेहरा उजळला आणि तो पान्हे आणायला पळाला.

"तुम्हाला गाड्यांतलं एवढं कळतं?" मी विचारलं.

"मला मेलीला काय कळतंय, भाऊजी!" त्या हसल्या. "मी अंथरुणाला खिळले तेव्हा हे सुरुवातीला इथंच बसून राहायचे, तुमच्या त्या स्टुलावर. हात धरून. पण पाय असा हालायचा की खाट हलायची. मग मोरीत जाऊन नळ सोडायचे आणि रडायचे. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं वाटायचं त्यांना. एकदा मी आपलं उगीच म्हटलं, गाडीचं तोंड उदास दिसतंय. तर टुणकन उठले. त्या दिवसापासून मला रोज नवीन काहीतरी बघायला मिळावं म्हणून धडपडतात. बाकीची गाडी मला दिसत नाही, म्हणून तिला हात नाही लावत."



"आजचं खरंच छान झालंय हो," वहिनी हळूच म्हणाल्या. "पण छान म्हटलं तर उद्या कुठं जातील ते?"

ठराव माझ्या खिशात होता. तो खिशातच राहिला. पाटलांना काय सांगायचं ते मी वाटेत ठरवणार होतो, आणि ऐकलं नसतं तर सेक्रेटरीपद त्यांच्याच गळ्यात घालणार होतो.

बाहेर आलो तर दिगू गाडीखाली. फक्त चपला दिसत होत्या, त्याही हलत होत्या. माझी चाहूल लागताच त्याने डोकं बाहेर काढलं.

"काय सेक्रेटरी? कसं वाटतंय? खरं सांगा."

मी दोन पावलं मागे गेलो, एक डोळा मिटला, मान तिरकी केली.

"उजवीकडूनही बघ जरा," मी म्हणालो. "अजून तोंड जमलेलं नाही."