न दिसणाऱ्या पदार्थाविरुद्ध नाना

आमच्या देवबागेच्या देवळात जत्रेच्या दिवशी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान नाना चव्हाणांचा. गेल्या वर्षी त्यांनी मासळी, आंबा, पोरांच्या नोकऱ्या हे नेहमीचं सगळं मागून घेतलं आणि त्याच दमात आवाज चढवला, "बा देवा महाराजा, न दिसणाऱ्या पदार्थाच्या नावान जी फसवणूक चलली आसा, ती दूर कर! नियम चुकलो आसात तर तो बदलूची बुद्धी त्या शास्त्रज्ञांका दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा गाव सवयीने ओरडला. मीही ओरडलो. मी हायस्कुलात गणित शिकवतो. लाज वाटली.

नाना आमच्याच हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. आता निवृत्त, आणि दुर्दैवाने माझे शेजारी. त्यांची एकुलती एक मुलगी वैजू, माझीच विद्यार्थिनी, जर्मनीत दीर्घिकांवर संशोधन करते. दीर्घिकेच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा फार वेगाने फिरतात. म्हणजे तिथे आपल्याला न दिसणारा पुष्कळ पदार्थ असणार, आणि वैजू त्याचाच अभ्यास करते. दुसरा एक छोटा पक्ष म्हणतो की पदार्थबिदार्थ काही नाही, लांबच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा आहे. नाना त्या पक्षाचे. देवबागेतले एकमेव सभासद.

"पंगतीक भात कमी पडलो," ते मला भर मासळीबाजारात अडवून विचारतात, "तर भूतां जेवान गेली म्हणतलंस? की वाढप्याच्या हातातलो डवलो मोठो होतो म्हणतलंस?"

"नानानू, नियम बदललो तर विश्वाचा वय, त्याचा पसरणा, त्याचो शेवट, सगळा परत मांडूचा लागतला!"

"मांडूदेत मगे! पगार घेतत ना?"

हातात बांगडे, डोक्यावर ऊन, आणि या माणसाला विश्वाचा शेवट! बरं, हरले तर गप्प बसावं. तेही नाही. "दिसता काय? मगे आसा कशावरसून?" एवढं म्हणायचं आणि विजयी वीरासारखं पुढे चालू लागायचं.

माझ्याकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. पुण्याचं एक कुटुंब डॉल्फिन बघायला आलं होतं. नानांनी त्यांना कुंपणाशी गाठलं आणि पाण्यात भोवरा कसा फिरतो ते बादलीत दाखवत बसले. होडी सुटून गेली. त्या लोकांनी माझ्याबद्दल इंटरनेटवर लिहिलं, "समुद्र छान, जेवण छान, शेजारी गुरुत्वाकर्षणावरून अंगावर येतात." पाचपैकी दोन तारे!

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता या माणसाला कायमचा गप्प करायचा. आठ दिवस बसून वाचून काढलं आणि सापडलं. दीर्घिकांच्या मोठाल्या समूहांत नानांचा लाडका नियमही पुरा पडत नाही. नियम बदलूनसुद्धा तिथे न दिसणारं काहीतरी मानावंच लागतं. म्हणजे भूत पंगतीला बसलेलंच!

रविवारी संध्याकाळी पाचला वैजूचा फोन येतो. मी साडेचारलाच नानांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो आणि सगळं त्यांच्या तोंडावर मांडलं. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

नाना चिडले नाहीत. आत गेले आणि एक वही घेऊन आले. त्यांच्या ठसठशीत अक्षरात तिच्यात तेच लिहिलेलं होतं, माझ्यापेक्षा नीट. "वैजूनच सांगल्यान," ते म्हणाले. "दोन वर्सा झाली. पटला माका."

मी भडकलो. "पटला? आणि गावभर भांडतात कित्याक? देवाक सुद्धा सोडूक नाय तुमी!"

"गावातला तिच्या कानावर जाता रे. नाना गप झालो म्हणान कळला तर?" त्यांनी वही मिटली. "मास्तरा, तिची आवस गेल्यावर आमचो फोन दोन मिंटांचो. नाना, जेवलात? जेवलंय. गोळी घेतलात? घेतलंय. बरा, ठेवतंय. मगे एकदा मी म्हटलंय, तुझो तो पदार्थ दिसता काय? पाऊण तास बोलली. बापाशीकडे पाऊण तास! आता पटला म्हणान सांगू? तिका सांगा नको रे."

मला माझाच राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. नानांनी तो स्पीकर लावून ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे भेदरून बघितलं.

"नाना," वैजूचा आवाज आला, "गेल्या आयतवारी वाचूक सांगितलंय ता वाचलात? आता तरी पटला?"

मी फोनवर वाकलो. "वैजू, माका पण तुझा पटणा नाय."

"मास्तरकाका? तुमी पण? तुमी तर गणित शिकवतात!"

"म्हणानच सांगतंय! दिसता काय तो? नियम बदला!"

पलीकडे एक लांब सुस्कारा ऐकू आला. मग, "बरा, पयल्यापासून सांगतंय, दोघांयनी ऐका," म्हणून वैजूने सुरुवात केली.

नानांनी आतून खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली आणि माझ्या कानाशी लागले.

"सवकाश, मास्तरा. एकदम हरा नको."