हिरव्याची लाल बायको

सांडोर गावातले आमचे शेजारी इनासभाऊ यांना मी आजवर अकरा तक्रारपत्रे दिली आहेत. प्रत्येक पत्र हाती पडताच हे गृहस्थ रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचा कोट चढवून, केळ्यांची फणी घेऊन माझ्याच ओट्यावर येतात आणि ते मलाच मोठ्याने वाचून दाखवतात.

“‘सबब आपणांस कळविण्यात येते की...’ वा, वकीलसाहेब! वाचून बरं वाटलं.”

मी वकील नसून न्यायालयातील निवृत्त लिपिक आहे, हेही मी त्यांना लेखी कळवले आहे.

विषय एकच : त्यांच्या पिंजऱ्यातील दोन परदेशी पोपट. एक हिरवागार, दुसरा लालभडक, छातीला जांभळा. माझ्या दुपारच्या विश्रांतीच्या वेळीच दोघांना कंठ फुटतो. अकराव्या पत्रात मी निर्णायक मुद्दा मांडला. वनखात्याच्या नोंदणीच्या कागदावर जात एकच, पिंजऱ्यात मात्र धडधडीत दोन. सबब लाल पक्षी विनानोंद असून जप्तीस पात्र आहे. प्रत वनखात्यास.

हे पत्र पोचले त्या दिवशी इनासभाऊंच्या अंगावर कोट नव्हता. “हिला नेतील का हो?” एवढेच विचारून ते केळी ठेवून गेले.

वनखात्याच्या बाई आल्या. त्यांनी कागद पाहिला, पिंजरा पाहिला, मग मला पाहिले. “आजोबा, जात एकच आहे. हिरवा नर, लाल मादी. यांच्यात असंच असतं.”

“आमच्यातही असंच होतं,” इनासभाऊ खुलून म्हणाले. “मी कायम फिका, अन् आमची मारिया लाल लुगड्यात!”

मारियाबाईंना जाऊन चार वर्षे झाली.

शरमेने मी लेखणी म्यान केली. तीन आठवड्यांनी इनासभाऊ कोट घालून हजर. हातात फाइल, तीत माझी अकराही पत्रे क्रमवार लावलेली.

“रागावलात का, साहेब? पत्र नाही आलं.”

“आपणांस त्रास नको म्हणून.”

“त्रास कसला! मुलगा कॅनडाहून फोन करतो. पण फोन ठेवला की संपला. तो पुन्हा काढून वाचता येत नाही.”

मी घसा खाकरला. “पक्ष्यांचे काही गैरवर्तन?”

त्यांनी आशेने आठवून पाहिले. “काल दुपारी तिनं शिट्टी मारली. तुम्ही झोपला होतात तेव्हा.”

प्रकार अत्यंत गंभीर होता. मी तत्काळ कागद ओढला. बारावे पत्र चार पानांचे झाले. ‘सबब’ सात ठिकाणी घातले.