सुटलेली काच जैसे थे ठेवण्याबाबत

रविवार, सात सप्टेंबर. दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी एंडिकॉट गावात लिओनार्ड हुडाचेक यांच्या बैठकीच्या खोलीतल्या जुन्या अॅम्प्लिफायरची दर्शनी काच डाव्या कोपऱ्यात सुटली. कोणालाही इजा झाली नाही.

त्या वेळी त्याला जोडलेल्या रेडिओवर पोल्का, म्हणजे जोडीने नाचायचं संगीत, चालू होता. ट्युबा या मोठ्या पितळी वाद्याने खालचा सूर धरला की काच झणझणायची, सूर सोडला की गप्प बसायची. हुडाचेक पती-पत्नी दर रविवारी बारा ते एक गालिचा गुंडाळून या कार्यक्रमावर नाचतात. एकेचाळीस वर्षांत त्यांचे तीन रविवार चुकले होते: दोन अंत्यविधी आणि एक पूर. या वर्षी मात्र रविवार मोजून खर्च करायचे होते. चार नोव्हेंबरला, मंगळवारी, बर्निस हुडाचेक यांचा डावा गुडघा बदलायचा होता. त्यानंतर वर्षभर नाच बंद, पुढचं पुढे बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे हा रविवार सोडून आठ उरले होते.

"आतला गोंद वाळला," बर्निस कान देऊन म्हणाली. "काढ ती काच. दहा मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नकोस, बर्नी. मी मंडळाला विचारतो."

"मंडळाला कशाला? मला विचार की."

ही सूचना अगदीच अस्थानी नव्हती. सदर अॅम्प्लिफायर याच गावातल्या हॅलवर्सन कारखान्यात १९७४ साली तयार झाला. १९७० ते ७८ या काळात तिथे चौथ्या टेबलावर बसून काचा चिकटवायचं काम बर्निस करत होती. त्या काचा खोक्यात भरायचं काम लिओनार्डकडे होतं. तीन काचा फोडल्यावर तो माफी मागायला चौथ्या टेबलापर्यंत गेला आणि पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं.

तरीही बारा वाजून सहा मिनिटांनी लिओनार्डने अॅम्प्लिफायर बंद केला आणि सदर्न टियर हाय-फाय जतन मंडळाच्या चर्चेच्या पानावर लिहिलं: 'काच किंचित सुटली आहे. काय करावं?' संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट उत्तरं आली. त्यांतल्या एकसष्ट जणांनी काहीही करू नये असं कळवलं. काचेवरची सोनेरी अक्षरं मागच्या बाजूने रंगवलेली असतात, चुकीचा गोंद ती खाऊन टाकतो, ओरेगनमध्ये एकाचं 'व्हॉल्यूम' गेलं आणि नुसतं 'यूम' उरलं, असा इशारा होता. बासष्टाव्याने आपल्या मांजराचं छायाचित्र पाठवलं होतं. त्रेसष्टावा म्हणाला, हे प्रकरण अध्यक्षांकडे न्या.

मंडळाचे अध्यक्ष डग्लस ट्रिम्बल बुधवारी साडेदहाला आले. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीनंतरही ती पाहणी थांबलेली नव्हती. त्यांनी पांढरे सुती हातमोजे चढवले, पोलादाच्या पातळ पट्ट्या फटीत सरकवून पाहिल्या आणि वहीत लिहिलं: डावा वरचा कोपरा, चार दशांश मिलिमीटर.

"कॉफी घेणार?" बर्निसने विचारलं.

"पाहणी चालू असताना द्रव पदार्थ नको, मिसेस हुडाचेक."

"मग हे केव्हा चिकटवणार?"

"चिकटवणं हा शेवटचा टप्पा आहे. आधी नोंद, मग वर्गवारी, मग कार्यपद्धती ठरेल. तोवर जैसे थे."

"जैसे थे म्हणजे वाजवायचं तरी की नाही?"

"वाजवल्याने काच हलते."

"ती हलते म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"बरोबर," ट्रिम्बल म्हणाले, आणि अॅम्प्लिफायरच्या बटणाला दोऱ्याने एक पिवळी चिठ्ठी बांधून गेले. चिठ्ठीवर 'तपासणीखाली, हात लावू नये' असं छापलेलं होतं. अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या गाडीत कायम असतो.

मंडळाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता, अग्निशमन दलाच्या सभागृहात भरते. त्या गुरुवारी बर्निसही गेली. सोबत तिने हलुपकी, म्हणजे खिमा-भात भरून गुंडाळलेली कोबीची पानं, यांचं मोठं भांडं आणि गोंदाची तपकिरी बाटली नेली. हा गोंद ती मोच्याकडून भरून आणते. बाटलीवरचं लेबल केव्हाच निघून गेलेलं आहे.

हलुपकीचं स्वागत झालं. बाटलीच्या बाबतीत प्रश्न उपस्थित झाले.

"आपली पात्रता?" ट्रिम्बलनी विचारलं.

"आठ वर्षं काचा चिकटवल्या. दिवसाला चाळीस. सोमवारी पस्तीस."

"प्रमाणपत्र आहे का? रॉचेस्टरला तीन दिवसांचा काच-जतन वर्ग असतो."

"तिथे शिकवतं कोण?"

"हॅलवर्सन काचांचा ज्यांनी सखोल अभ्यास केला आहे असे लोक."

"म्हणजे माझ्या काचांचा."

यावर सभागृहात जरा चुळबुळ झाली. विषय हलका करावा म्हणून खजिनदारांनी लाल ठिपक्याचा उल्लेख केला. हॅलवर्सनच्या काही काचांच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा लाल ठिपका सापडतो. ही मुख्य अभियंत्याची अंतिम पसंतीची खूण होती, असा मंडळाचा अकरा पानी निबंध आहे. ठिपका असलेल्या यंत्राचा मालक बैठकीत पहिल्या रांगेत बसतो.

"ती माझी नखांची लाली," बर्निस म्हणाली. "जेवणानंतर चिकटवलेल्या काचा संध्याकाळपर्यंत वाळायच्या नाहीत. त्या आमच्या लेनीने, लिओनार्डने, लगेच खोक्यात कोंबू नयेत म्हणून ठिपका लावायचे."

पहिल्या रांगेतल्यांनी खुर्च्या जरा मागे सरकवल्या.

"आपण हे मौखिक परंपरा म्हणून नोंदवून घेऊ," ट्रिम्बल शेवटी म्हणाले. "निबंधात बदल करायची गरज नाही."

प्रकरण इथेच मिटलं असतं आणि बर्निसला बहुधा घरी जाऊन काच चिकटवता आली असती. पण उठताना ती एक वाक्य जास्त बोलली. "तेव्हाचा गोंद शेजारच्या बुटांच्या कारखान्यातून यायचा," ती म्हणाली. "तीस वर्षांत वाळून सुटतो. त्या काळातली एकही काच आज जागेवर घट्ट नसणार."

ट्रिम्बलनी लेखणी खाली ठेवली. ते विम्यातले माणूस होते. या वाक्याचा अर्थ त्यांना सर्वांच्या आधी कळला. त्या काळातली एकही काच आज घट्ट नसेल, तर ज्याची काच घट्ट आहे त्याच्या यंत्राला मधल्या काळात कोणीतरी हात लावला आहे. म्हणजेच ते अस्सल नाही.

मौखिक परंपरेचा हा भाग मंडळाने तत्काळ आणि एकमताने स्वीकारला.

पुढच्या आठवड्यात ज्यांच्या काचा घट्ट होत्या त्या सभासदांची झोप उडाली. काच सैल व्हावी म्हणून एकाने आपलं यंत्र दोन दिवस कपडे वाळवायच्या यंत्रावर ठेवलं. दुसऱ्याने पाव कापायची सुरी वापरली, ती पकडली गेली, आणि सुरीचा ओरखडा 'नैसर्गिक सैलपणा' या व्याख्येत बसत नसल्याने त्याचं सभासदत्व स्थगित झालं. सैलपणाच्या अ ते ड अशा चार श्रेणी ठरल्या. अ श्रेणीसाठी काच डावीकडून, आपोआप, मालक हजर असताना सुटलेली असावी, अशी अट घातली गेली. साऱ्या जिल्ह्यात अशी काच एकच निघाली. लिओनार्डची सैलपणा-समितीच्या प्रमुखपदी एकमताने निवड झाल्याचा ठराव झाला आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू खोक्यात भरलेल्या त्या माणसाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली.

"बर्नी, सबंध जिल्ह्यात अशी काच नाही," तो घरी येऊन म्हणाला.

"सबंध जिल्ह्यात असा गुडघाही नाही. तोही डावीकडूनच सुटलाय. त्याला कुठली श्रेणी देतोस?"

"तसं नाही गं. कार्यपद्धती ठरेपर्यंत चार आठवड्यांचा प्रश्न आहे."

"माझ्याकडे सहा आहेत, लेनी."

समितीच्या प्रमुखाला सभासदांच्या घरी जाऊन फटी मोजाव्या लागतात. सभासद घरी सापडतात रविवारी, चर्चहून आल्यावर, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास. एका रविवारी बर्निसने फ्रिजवरचा छोटा रेडिओ लावून पाहिला. पण त्यात ट्युबा नव्हता, नुसता डास होता. शिवाय लिओनार्ड ओवेगो गावात कोणाच्या तरी टीव्हीमागच्या अॅम्प्लिफायरवर ओणवा होऊन पट्टी सरकवत होता. पोल्का एकट्याने नाचता येत नाही.

ऑक्टोबरच्या बैठकीत तिने रीतसर अर्ज दिला. यंत्र चालू करण्याच्या परवानगीचा अर्ज दोन पानी असतो. कारणाच्या रकान्यापुढे मोजणी, छायाचित्रण आणि आग असे तीन पर्याय आहेत. बर्निसने 'इतर' असं लिहून पुढे 'नाच' असं नमूद केलं.

"किती वेळ?" ट्रिम्बलनी विचारलं.

"तासभर. मध्ये बातम्या असतात."

"नाचताना जमीन हादरेल."

"पूर्वी हादरायची. आता माझं मीच सावकाश घेते."

"मिसेस हुडाचेक, भावनेचा आम्हाला आदर आहे. पण ही काच आता तुमच्या एकट्यांची राहिलेली नाही." त्यांनी समितीच्या प्रमुखाचा अभिप्राय मागवला. लिओनार्डने बायकोकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे पाहिलं, आणि आपला या प्रकरणाशी निकटचा संबंध असल्यामुळे मत देणं उचित होणार नाही, असं सांगितलं. अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवण्यात आला. पुढची बैठक तेरा नोव्हेंबरला आहे.

 घरी जाताना गाडी पुलावर आल्यावर बर्निस म्हणाली, "तीन काचा फोडल्यास तेव्हा बरा होतास."

दोन नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेअकराला लिओनार्ड व्हेस्टल गावात फटी मोजायला निघाला. पावणेबाराला शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं, तर बर्निस टेबलाशी बसली होती. चष्मा नाकावर होता, काच टॉवेलवर पालथी होती आणि तपकिरी बाटली हाताशी होती. बारा वाजता शेजारच्या बाईंना भिंतीतून ट्युबा ऐकू आला, आठ आठवड्यांत पहिल्यांदा, आणि तो मुळीच झणझणत नव्हता. गोंद पूर्ण वाळलेला नसणार. पण काचेच्या उजव्या कोपऱ्यात तिने नवा लाल ठिपका लावला होता आणि अशी काच लगेच खोक्यात भरायची नसते, वाजवायची नाही असं कोणी म्हटलेलं नाही.

शेजारच्या बाईंनी बहिणीला फोन केला. बहिणीचे यजमान सभासद आहेत. बारा वाजून दहा मिनिटांनी मंडळाच्या पानावर खबर लागली. त्यापुढच्या अर्ध्या तासात बहात्तर जणांनी चौकशी केली. सत्तर जणांनी गोंद कोणता असं विचारलं. दोघांनी आता हे यंत्र कोणत्या श्रेणीत धरायचं असं विचारलं. बाई नाचली का, असं विचारणारं अद्याप कोणी पुढे आलेलं नाही. ज्या वाचकांनी इथवर येताना बाटलीतल्या गोंदाचं नाव कधी येतं याची वाट पाहिली, त्यांच्यासाठी सभासदत्वाचे अर्ज अग्निशमन दलाच्या सभागृहात ठेवले आहेत.

ट्रिम्बलनी लिओनार्डला फोन करून तत्काळ घरी जाण्याचा, काच मोजण्याचा आणि लेखी अहवाल देण्याचा आदेश दिला. बारा वाजून अडतीस मिनिटांनी त्याची गाडी दारात लागली. आत गालिचा गुंडाळलेला दिसत होता. बारा एक्केचाळीसला तो पायरीवर उभा होता. पोलादी पट्ट्या खिशात होत्या आणि उजवा पाय ठेक्यावर हलत होता. दार आतून उघडंच होतं.

कार्यक्रम एक वाजता संपतो.