हसतमुख सीतारामभाऊ

"दीपमालाताई, तुमच्या कथेतली सासू छळते, सून सोसते आणि शेवटी दोघी एका ताटात जेवतात. चारही कथांत हेच. जरा वेगळं काही सुचत नाही का?"

कथालेखनाच्या वर्गात सरांनी सगळ्यांदेखत हे विचारलं आणि दीपमालाताईंचे कान लाल झाले. उपाय म्हणून सरांनी गृहपाठ दिला. कसबा पेठेत जायचं, एक अनोळखी माणूस निवडायचा, अर्धा तास त्याच्यामागे चालायचं आणि उरलेलं कल्पनेनं भरायचं.

धायरीहून दोन बस बदलून ताई पेठेत पोचल्या आणि त्यांना हवा तसा माणूस लगेच सापडला. साठीचा, झुपकेदार मिशांचा, पोटाशी फडक्यात बांधलेलं भलंमोठं पातेलं धरलेला. चेहरा इतका गंभीर, की पातेल्यात नक्की काहीतरी भानगड असणार. 'जिवंत नाग?' ताईंनी चालता चालता वहीत लिहिलं. असली कल्पना त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सुचली होती. त्या खुशीत त्या जवळजवळ त्याच्या टाचांवर पाय देत चालू लागल्या.

एका बोळात जिन्याशी तो माणूस गर्रकन वळला.

"शालनकडेच ना?"

"अं... हो," ताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"मी हिंमतराव, तिचा भाऊ. हे जरा धरा, चपला काढतो."

पातेलं कोमट होतं आणि त्याला पिठल्याचा वास येत होता. पिठलं-भात बाहेरून कोणत्या घरी नेतात, हे ताईंना चांगलंच ठाऊक होतं. पण दुसऱ्याचं पिठलं घेऊन पळायचं तरी कुठे? त्या मुकाट जिना चढल्या.

वर दहा-बारा माणसं मान खाली घालून बसली होती. भिंतीला टेकून शालनबाई. कोपऱ्यात तांब्याचा हंडा, ठोकून अर्धाच राहिलेला. "सीतारामभाऊंनी काल सकाळी हंडा हातात घेतला आणि दुपारी गेले," शेजारची बाई कुजबुजली. ताईंनी पाच मिनिटं कशीबशी काढली, हळूच उठल्या आणि सवयीनं बोलून गेल्या, "येते हं!"

अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, मुकाट उठून जातात. हे शाळकरी पोरालाही कळतं. सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"आपण कोण?" शालनबाईंनी विचारलं.

"मी... भाऊंकडून हंडा घेतला होता. फार हसतमुख होते हो! किती गोड बोलायचे!"

कोणीतरी खोकलं. समोरची बाई जरा सरकली आणि ताईंना हार घातलेला फोटो दिसला. त्यातले सीतारामभाऊ फोटो काढणाऱ्याकडे असे बघत होते, जणू त्यानं त्यांचा हातोडाच चोरला असावा.

"हसायचे?" शालनबाई म्हणाल्या. "तुमच्याशी?"

"दाजींना मी त्यांच्या लग्नातसुद्धा हसताना पाहिलं नाही," हिंमतराव म्हणाले.

"किती वर्षांची ओळख म्हणायची ही?" मागून एका बाईनं अगदी गोड आवाजात विचारलं.

आता ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण नुसतं खोटं बोललो नव्हतो, एका सरळ माणसाच्या गळ्यात भानगड बांधली होती. आणि तो बिचारा येऊन खुलासा करू शकत नव्हता. शरमेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मटकन खाली बसल्या आणि सर, वर्ग, गृहपाठ, वहीतला नाग, सगळं भडाभडा ओकून मोकळ्या झाल्या.

"म्हणजे तुम्ही आमच्या पिठल्याच्या मागे आलात?" हिंमतराव म्हणाले.

ताईंनी मान हलवली. वर बघायची हिंमत नव्हती.

"म्हणजे हे तुमच्याशी हसले नाहीत?" शालनबाईंनी विचारलं.

"आईशप्पथ नाही! मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही हो."

शालनबाईंचा जीव भांड्यात पडेल, असं ताईंना वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, एक्केचाळीस वर्षांत निदान बाहेर तरी कुठे हसले असतील."

ताईंना रडू आवरेना. त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"अहो, लिहिणार आहात ना?" मागून शालनबाईंचा आवाज आला.

"नाही हो! कुठल्या तोंडानं लिहू?"

"लिहा. हसतमुख होते, असंच लिहा."

"पण ते खोटं आहे."

"कळतंय मला. तुमच्या सरांनी कल्पनेनंच भरायला सांगितलंय ना?" शालनबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आणि नाव बदलू नका."