सबनीस काका ओव्हन बघायला जातात

सबनीस काका ओव्हनपुढे उभे राहिले की डोळे मिटतात. देवापुढे मिटावेत तसे, फक्त हात जोडत नाहीत; उजवा हात पुढे करून ओव्हनच्या तोंडावरून अलगद फिरवतात. भर शनिवारी, स्वयंपाकघरं विकणाऱ्या गजबजलेल्या किचन-स्टुडिओत, अडुसष्ट वर्षांचा एक उंच, टकलू गृहस्थ डोळे मिटून भिंतीतला ओव्हन चाचपतोय, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा धास्तीच वाटते. एकदा तिथल्या विक्रेत्या बाईंना वाटलं, यांना चक्कर आली. त्या धावत खुर्ची आणि पाणी घेऊन आल्या. काका खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आभार मानले आणि बसल्या जागेवरून खालचा ओव्हन चाचपायला लागले.

आमची ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. आम्ही पुण्याहून जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइमला आलो तेव्हा घराच्या जाहिरातीत स्वयंपाकघराचं क्षेत्रफळ दिलेलं होतं, त्यामुळे स्वयंपाकघर असणारच असं मी धरून चालले. किल्ली घेऊन आत गेलो तर तिथे भिंतीतून डोकावणारे दोन पाइप, एक जाड वायर आणि एक खिडकी. इथे बरेच भाडेकरू जाताना आपलं किचन सिंकसकट उचकटून नेतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की बाथरूममध्येही पोळ्या लाटता येतील. मी जिन्यात येऊन बसले आणि चक्क रडले. वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ उतरत होते. माझं मुसमुसत "आई गं" म्हणणं त्यांनी ऐकलं, दोन पायऱ्या वर थांबले, आणि परक्या देशात पहिल्यांदाच भेटलेल्या मराठी माणसाने मला पहिला प्रश्न विचारला, "ओव्हन कुठला घेणार?"

हे सबनीस काका. मूळचे नाशिकचे, चाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेले. हेर्त्सोगेनआउराखच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी बेअरिंग तपासण्यात काढली. फिरती वस्तू कानाशी धरायची आणि ती किती टिकेल ते सांगायचं, हा धंदा. आमच्या मिक्सरचा आवाज जिन्यातून ऐकून त्यांनी त्याला दीड वर्ष दिलं होतं, आणि तो बरोबर तेवढाच जगला. त्यांची बायको रेनाटे काकू इथल्याच, शाळेत गणित शिकवायच्या. पण इमारतीत त्यांची ख्याती केकची. शनिवारी दुपारी जिन्यात दालचिनीचा वास सुटायचा आणि थोड्या वेळाने प्रत्येक दारावर एकेक ताटली यायची. सासूबाईंकडून शिकलेली नानखटाई तर त्या आमच्या पुण्यातल्या नेहमीच्या दुकानापेक्षा चांगली करतात, असं मी एकदा बोलून गेले आणि निखिलने दोन दिवस अबोला धरला.

त्यांचा ओव्हन मात्र म्हातारा झाला होता. मनात येईल तसा तापायचा. याचे सुटे भाग आता निघत नाहीत, नाताळपर्यंत चालला तर नशीब, असं मेकॅनिक सांगून गेला होता. नवा घेणं भाग होतं, आणि सहा महिने झाले तरी काकांचं काही ठरत नव्हतं.

मला किचन हवं होतं आणि काकांना सोबत. शनिवारी सकाळी आम्ही बसने निघायचो. काकांच्या काखेत एक जाडजूड फाइल असायची. प्रत्येक ओव्हनला एक पान, आणि त्यावर घराणं, उंची, स्वभाव, दोष असे रकाने. हा सगळा प्रकार त्यांच्या लेखी स्थळं बघण्याचा होता. मी एका प्रसिद्ध कंपनीच्या ओव्हनकडे नुसतं कौतुकाने पाहिलं तरी ते मला थांबवत. "ब्रँड म्हणजे आडनाव गं मुग्धा. आडनावाशी संसार होत नाही." महागड्या घराण्याचा एक ओव्हन होता, दार इतकं हळू मिटायचा की कळायचंसुद्धा नाही. काका म्हणाले, सालस आहे, पण आतून थंड. दुसरा फोनवरून चालणारा. त्याच्या पानावर त्यांनी लिहिलं: शिकलेला आहे, घरात लक्ष नाही. तिसरा वाफेवर भाजायचा, स्वतःची साफसफाई स्वतः करायचा आणि बारा भाषा बोलायचा. त्याच्यापुढे काका डोळे मिटून उभे राहिले, गुळगुळीत काचेवरून बोटं फिरवली, आणि फाइल मिटली. "पत्रिका जुळत नाही," असं त्यांनी विक्रेत्याला शुद्ध जर्मनमध्ये भाषांतर करून सांगितलं. त्याने ग्रह कुठले ते विचारलं नाही, एवढा तो सभ्य होता.

त्या दुकानांची मला मात्र गोडी लागली, हे कबूल करते. एकामागून एक स्वयंपाकघरं, भिंत नाही, छप्पर नाही, कुणाचं घरच नाही. टोपल्यांत प्लॅस्टिकची लिंबं, खोट्या खिडक्यांमागे खोटं ऊन. बाहेर बर्फ भुरभुरत असायचा आणि आत कायम मे महिन्यातली सकाळ. ओव्हनमधले दिवे पेटलेले, आत काहीही नाही. आम्ही एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात शिरायचो, कुणीही कुणाला काही विचारायचं नाही. कधी कधी मी एखाद्या टेबलाशी बसून राहायचे आणि वाटायचं, आत्ता आतून कुणीतरी चहा घेऊन येईल. काकाही बसायचे. अशा वेळी त्यांना ओव्हनबद्दल काही विचारलं तरी ते फक्त "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणायचे, आणि नक्की काय बरोबर ते दोघांनाही ठाऊक नसायचं.

पण हौसेलाही मर्यादा असते. पाच शनिवार झाले, माझं किचन ठरलं, ओव्हनसुद्धा निखिलच्या हट्टापायी तो फोनवालाच ठरला, आणि काका अजून चाचपतच होते. सहाव्या शनिवारी माझा संयम सुटला. काका, म्हटलं, डोळे उघडून बघा तरी एकदा, तुम्हाला नक्की हवंय काय?

काका प्लॅस्टिकच्या लिंबांजवळ बसले. एक लिंबू हातात घेतलं, ठेवलं.

"रेनाटेला दिसत नाही गं नीट," ते म्हणाले. "मधलं सगळं पुसट होत चाललंय. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं राहील. या काचेच्या ओव्हनांवर बोट कुठे टेकवायचं ते तिला कळणार नाही. तिला हाताला लागेल असं काहीतरी हवं. आणि आत्ता, थोडंफार दिसतंय तोवर हवं, म्हणजे सवय होईल."

मी विचारलं, मग काकूंनाच का घेऊन येत नाही? काका कसनुसं हसले. रेनाटे काकूंनी दिसत नाही हे अजून कुणाकडेच कबूल केलं नव्हतं, काकांकडेसुद्धा. डोळ्यांच्या चाचण्यांचा कागद काकांना कपाटात सापडला होता, आणि तो घेऊन ते एकटेच डॉक्टरांना भेटून आले होते. मदत म्हटलं की काकू चिडायच्या. गेल्या महिन्यात काकांनी मसाल्याच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या तर त्यांनी त्या सगळ्या काढून टाकल्या. आणि मागच्या आठवड्यात म्हणाल्या होत्या की यंदाचं अ‍ॅडव्हेंट, हे नाताळाआधीचे चार आठवडे, झालं की भाजणं बंद करावं म्हणते, कंटाळा आला. काकांनी हे मला सांगितलं आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. मला माझी स्वतःची लाज वाटली.

ओव्हन सापडला तो आठव्या शनिवारी, दुकानाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, पडद्यांच्या नमुन्यांपलीकडे. कंपनीचं नाव आम्ही दोघांनीही ऐकलेलं नव्हतं. घरगुती वस्तूंची चाचणी घेणाऱ्या मासिकात त्याचा नंबर शेवटून तिसरा. मात्र दोन जाड, गोल बटणं, आणि फिरवली की प्रत्येक वीस अंशांना हाताला स्पष्ट लागणारा खटका. काकांनी डोळे मिटले, बटण फिरवलं, ओठांतल्या ओठांत मोजलं. "नऊ," ते म्हणाले, "एकशेऐंशी." डोळे उघडून पाहिलं तर काटा एकशेऐंशीवरच होता. त्यांनी पुन्हा एकदा केलं, मग मला करायला लावलं, मग त्या विक्रेत्याला. हे मॉडेल बंद झालंय, हा एकच नमुना उरलाय, असं तो बिचारा सांगत होता. काकांनी त्याला फाइल दाखवली. सहा महिन्यांची एकाहत्तर पानं पाहून त्याने नमुना भिंतीतून काढून द्यायचं कबूल केलं.

घरी अर्थातच काकूंनी फैलावर घेतलं. सहा महिने अभ्यास करून हे आणलंत? बहिणीकडे बोलणारा ओव्हन आहे. काकांनी सगळं स्वतःवर घेतलं. म्हणाले, मी बेअरिंगचा माणूस, मला फिरणारंच काहीतरी लागतं, काचेवर बोटं घासायला मला जमत नाही. काकूंनी मान हलवली आणि बटण फिरवून पाहिलं. मग पुन्हा फिरवलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी त्यांनी मला कॉफीला बोलावलं. नव्या ओव्हनमध्ये पहिला केक होता. मी गेले तेव्हा चार वाजले होते आणि बाहेर अंधारून आलं होतं. केक आत गेला होता, आणि ओव्हनसमोर दोन खुर्च्या टाकून दोघं बसले होते, ओव्हनचा उजेड दोघांच्या अंगावर. काकूंनी मला हातानेच बस म्हटलं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"रंग कसा आलाय, अरविंद?" काकूंनी जर्मनमध्ये विचारलं. अगदी सहज, वेळ विचारावी तसं.

मी काकांकडे पाहिलं. आजवर जे स्वतः बघायच्या ते काकू पहिल्यांदाच दुसऱ्याला विचारत होत्या. आयुष्यभर काकूंच्या केकला "व्यवस्थित आहे" याहून जास्त काही न म्हणालेला तो माणूस सांगायला लागला. अजून पांढुरकाच आहे. आता कडेला पिवळा होतोय, हळदीचा नाही, सायीचा पिवळा. आता मध्ये फुगलाय. तू लग्नात नेसली होतीस त्या साडीच्या काठाचा रंग आलाय. कुठली साडी, काकू म्हणाल्या. आईने पाठवलेली, काका म्हणाले, तुला नीट नेसता येत नव्हती आणि तू सबंध जेवणभर ती एका हाताने धरून बसली होतीस. मग नाशिकच्या घराच्या अंगणातलं ऊन झालं, मग त्यांच्या पहिल्या भाड्याच्या खोलीतला लाकडी पलंग झाला. त्या माणसाजवळ एवढे रंग होते हे मला माहीत नव्हतं.

"आणि आता?" काकू विचारायच्या. "आणि आता?"

मला कधीचा वास येत होता. केक करपत होता. सांगावं म्हणून मी उठले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की काका ओव्हनकडे बघतच नव्हते. ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिकडे पाहूनच एकेक रंग सांगत होते.

आणि काकू, ज्यांनी चाळीस वर्षं नाकाने केक भाजले, त्यांना माझ्या कितीतरी आधी कळलं असणार. त्या उठल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि आता?"

मी परत स्टुलावर बसले.